आत प्लस, बाहेर मायनस

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार, मॅडम?"

हे वाक्य आमच्या मुख्याध्यापकांनी मला त्यांच्या खोलीत ऐकवलं, पेनाचं टोपण उघडत-मिटत. म्हण बरोबर होती आणि वापरलीही बरोबर होती, म्हणूनच जास्त राग आला. चुकली असती तर मी दुरुस्त केली असती आणि तेवढ्यावर समाधान मानलं असतं.

तेहतीस वर्षं मी या शाळेत गाणं शिकवते आहे. मागच्या वर्षी गळ्यातली गाठ काढली आणि काढताना आवाजाची एक शीर दुखावली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, आवाजाचं पुढे बघू. पुढे बघितलं तर आवाज नव्हता. उरली ती कुजबुज. ती हातभर अंतरावर ऐकू येते, त्यापलीकडच्यांना नुसते ओठ हलताना दिसतात. घरात याचा एखाद्याला आनंदही झाला असेल, पण तसं कोणी बोलून दाखवलं नाही.

मुख्याध्यापकांना तिसऱ्या मजल्यावरची गाण्याची खोली हवी होती. तिथे कॉम्प्युटर बसवायचे, पियानो हलवायचा आणि मला ग्रंथालयात बसवायचं. "तिथे नाहीतरी शांतताच लागते," असंही म्हणाले. शनिवारी सकाळी पालकसभा होती. पालकांनी हात वर केले की खोली गेली.

"तुमचं म्हणणं लिहून द्या," ते म्हणाले. "खेळाचे सर वाचून दाखवतील."

खेळाचे सर भला माणूस आहे. पण हातात कागद आला की ते कवायतीचे हुकूम सोडल्यासारखं वाचतात. मागे एकदा त्यांनी शोकसंदेश वाचला होता, तेव्हा अर्धी सभा सावधान उभी राहिली होती.

"माझं म्हणणं मीच म्हणणार," मी म्हटलं.

"काय?"

मग मी त्यांच्याच पॅडवर तेच वाक्य लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि बाहेर आले. दार आपटावंसं फार वाटलं. पण दार आपटू नका हे मी तेहतीस वर्षं पोरांना सांगत आले आहे, तेव्हा हळूच लावलं.

पुढे शिरस्ता म्हणून पत्र लिहूनही दिलं. लिहून देणं सोपं होतं, बोलणार कशी हा प्रश्न होता. सभागृहातल्या माईकवर मी एकदा प्रयत्न करून बघितला होता. आवाज वाढवला की माईक शिट्टी मारायचा, कमी केला की मी गायब. पहिल्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला होता, "बाईंचा आवाज बंद पडलाय का माईकचा?" दोन्ही अंदाज बरोबर होते.

माझी लेक एका बँडमध्ये गिटार वाजवते. लहानपणी मी पियानो शिकवायला बसले की ती टेबलाखाली लपायची, आता ती वाजवायला बसली की शेजारी लपतात. तिने सगळी हकिकत ऐकली, मुख्याध्यापकांबद्दल एक शब्द उच्चारला जो मी इथे लिहिणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोन वस्तू घेऊन आली. एक होता कानावर अडकवून गालाशी टेकणारा बारीक माईक. दुसरी साबणाच्या डबीएवढी निळी पेटी.

"ही कुजबुज मोठी करते," ती म्हणाली.

आणि केली की! स्पीकरमधून माझीच कुजबुज खोलीभर झाली. वर्षभराने मी स्वतःला दाराबाहेर ऐकलं. रडू आलं, ते मी सर्दीच्या नावावर खपवलं.

पण पेटीच्या अ‍ॅडॉप्टरमधून एक बारीक शीळ येत होती आणि तिच्याखाली सतत घों घों चालली होती. पेटीने तीही मोठी केली. कुजबुज वाढवायची म्हणजे तिच्याबरोबर असेल नसेल तेवढा कचराही वाढतो. ज्यांना देवाने मोठा आवाज दिलाय त्यांना ही अडचण कधी कळत नाही.

"हा अ‍ॅडॉप्टर घाण आहे," लेक म्हणाली. "माझ्या बोर्डावरून वीज घेऊ."

तिचा बोर्ड म्हणजे एक फळी, आणि फळीवर पायाने दाबायच्या रंगीत डब्या. एकीने गिटार गुरगुरते, दुसरीने घुमते. त्या सगळ्यांना वीज पाजणारा एक काळा डबा फळीच्या पोटाला स्क्रूने बसवलेला असतो. त्याला आठ भोकं, प्रत्येक भोकातून एकेक वायर एकेका डबीला. आठ आचळांची गायच. तिचं वैशिष्ट्य असं की आठही धारा एकमेकींपासून अगदी तोडलेल्या, त्यामुळे एकीची घरघर दुसरीत जात नाही. लेकीकडे असा एक जुना छोटा बोर्ड पडून होता, तो तिने टेबलावर ठेवला.

मी वायर उचलली आणि पेटीत खुपसायला निघाले. लेकीने माझा हात धरला. मी तिचा हात असाच धरला होता, ती पाचव्या वर्षी प्लगमध्ये चमचा घालायला निघाली होती तेव्हा.

"आई, थांब! पेटी उलटी करून बघ. काय लिहिलंय?"

चष्मा शोधण्यात दोन मिनिटं गेली. पेटीच्या बुडाला लिहिलं होतं, नऊ व्होल्ट, तीनशे मिलिअँप. शेजारी एक चित्र होतं, एक ठिपका आणि त्याभोवती अर्धवट गोल. ठिपक्यापासून निघालेली रेघ प्लसच्या खुणेला जात होती आणि गोलाची मायनसला.

"म्हणजे प्लगच्या आत प्लस, बाहेर मायनस," लेक म्हणाली. "आणि माझ्या डब्याचं बरोबर उलटं आहे. गिटारच्या डब्यांना आत मायनस लागतो. सगळे गिटारवाले इथेच मार खातात. त्यांना वाटतं नऊ व्होल्ट म्हणजे आत मायनसच. प्लग तोच, भोक तेच, छान बसतो, आणि पेटी जाते."

"जाते म्हणजे?"

"जाते म्हणजे जाते. कधी कधी धूरसुद्धा काढत नाही."

"बसलं म्हणजे जुळलं नव्हे," मी म्हटलं.

"हे माझ्या लग्नाआधी सांगायचंस ना!"

"काय म्हणालात?" स्वयंपाकघरातून जावईबापूंनी विचारलं.

जावईबापू औषधांच्या दुकानात असतात. स्वभावाने सोनं, पण शिस्तीचे इतके की आमच्या घरी आले तरी चमचे उंचीप्रमाणे लावून जातात. दोन वस्तू एकसारख्या नसल्या की त्यांना रात्री झोप लागत नसावी. हे आत्ताच सांगून ठेवते.

लेकीने दोन दिवस माझी शिकवणी घेतली. व्होल्ट जेवढा लिहिलाय तेवढाच हवा, एकाने जास्त नको. मिलिअँप मात्र लिहिलेत तेवढे किंवा जास्त चालतात, कारण पेटी आपल्याला लागतील तेवढेच ओढते. आधी आम्ही मुद्दाम शंभरवाल्या भोकाला लावून बघितलं. दिवा लागला, पण मी तोंड उघडलं की आवाज तुटायचा आणि डब्यावरचा दिवा लाल व्हायचा. मग पाचशेवालं भोक घेतलं आणि सगळं सुरळीत झालं. त्याच्या शेजारच्या भोकाला व्होल्ट वाढवायचं एक बटण होतं, त्यावर लेकीने टेप मारून टाकली. आणि प्लस-मायनसची अदलाबदल करणारी एक आखूड राखाडी वायर होती, तिच्या दोन्ही टोकांना तिने नखांचं लाल पॉलिश लावलं.

"ही उलटी वायर. पेटीला फक्त हीच. आणि लावायच्या आधी दर वेळी हा व्होल्ट मोजायचा मीटर लावायचा. लाल काडी प्लगच्या भोकात, काळी बाहेरून. आकडा नुसता आला तर आत प्लस. आकड्याआधी आडवी रेघ आली तर आत मायनस, हात मागे घ्यायचा."

"दर वेळी?"

"दर वेळी. मी बघितलं होतं, त्याने बघितलं असेल, असलं काही चालणार नाही. वायर तुझ्या हातात, तर मीटरही तुझ्याच हातात."

दुसऱ्या दिवशी लेक बाहेर गेली असताना जावईबापूंनी मला माईक लावायला मदत केली. माझ्या उजव्या गालाशी वाकून त्यांनी काडी सरळ केली आणि आपल्याशीच पुटपुटले, "हट्टी आहेत अगदी." स्पीकरने ते वाक्य खोलीभर जाहीर केलं. जावईबापू कानापर्यंत लाल झाले. मी म्हटलं, "चालू द्या, खोटं थोडंच आहे?" तेही सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

शुक्रवारी लेक तिच्या बँडबरोबर परगावी गेली. शनिवारी संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम होता आणि तो काही माझ्यासाठी पुढे ढकलला जाणार नव्हता. जाताना तिने पेटी, छोटा बोर्ड, माईक आणि मीटर एका बॅगेत भरून दिलं. अ‍ॅडॉप्टर मी मुद्दाम घरी ठेवला. जवळ असता तर मोह झाला असता.

शनिवारी सकाळी जावईबापूंनी बॅग उचलून आणली. सभागृह भरलं होतं, दोनशेच्या वर पालक होते. समोर टेबलाशी मुख्याध्यापक बसले होते. एका कडेला खेळाचे सर, हातात माझं पत्र धरून. वाचायच्या भीतीने त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा उतरलेला होता. आधी कॉम्प्युटरचं महत्त्व झालं, ते पंचवीस मिनिटं चाललं. मग मुख्याध्यापक म्हणाले, "आता आपल्या मॅडमना दोन शब्द सांगायचेत. प्रयत्न करताहेत बिचाऱ्या."

बिचाऱ्या! मी वर गेले ती त्या शब्दावरच पाय देऊन.

जावईबापूंनी बोर्ड मांडला, भिंतीतला प्लग लावला. डब्यावरचे आठही दिवे हिरवे झाले. मी माईक कानावर अडकवला. पेटी सभागृहाच्या स्पीकरला जोडून झाली. पाचशेवाल्या भोकातून निघालेली वायर हातात घेतली आणि मीटर काढला.

लाल काडी भोकात, काळी बाहेरून. आकडा आला नऊ पूर्णांक चार. त्याच्याआधी आडवी रेघ.

मी डोळे चोळले. काड्या पुसून परत लावल्या. रेघ तशीच. तेव्हा कुठे हातातल्या वायरकडे नीट बघितलं. ती राखाडी नव्हती. काळी, नवी, लांब होती. लाल पॉलिश कुठेच नव्हतं. आठच्या आठ वायरी काळ्या, एकसारख्या, क्लिपांनी बांधून शिस्तीत वळवलेल्या.

मी जावईबापूंकडे बघितलं. त्यांना माझ्या नजरेतूनच कळलं असावं.

"आई, ती एकच जुनी, मळकी, वेगळीच दिसत होती," ते हळूच म्हणाले. "मी काल रात्री नवीन आणून बदलली. म्हटलं, तुमचा इतका महत्त्वाचा दिवस..."

"आणि ती?"

"घरी. जुन्या वायरींच्या डब्यात."

घर जाऊन-येऊन दीड तासावर. मी त्यांच्या कानाशी वाकले. "दुकानात गोळ्या पांढऱ्या दिसल्या की सगळ्या एकाच बाटलीत भरता का हो?"

त्यांनी मान खाली घातली. मला जरा वाईटही वाटलं, पण ते नंतर वाटून घ्यायचं मी ठरवलं.

समोर खुर्च्या करकरायला लागल्या. मागून कोणीतरी खोकलं. मुख्याध्यापक माझ्याजवळ आले, हसरा चेहरा सभेकडे ठेवून. "काय अडलंय, मॅडम?"

मी वायर दाखवली. "उलटी आहे."

त्यांनी वायर घेतली, पेटीच्या भोकापाशी नेऊन बघितली. "बसतोय की प्लग! लावा आणि सुरू करा. लोकांना कामं आहेत."

"बसलं म्हणजे जुळलं नव्हे." मी वायर त्यांच्या हातातून काढून घेतली. दोनशे माणसांसमोर वरिष्ठांच्या हातातून काही ओढून घेण्याची ही माझी पहिलीच वेळ. वाटलं तितकं कठीण नसतं ते.

"हे पाहा," ते टेबलावरच्या माईकवर म्हणाले, "तांत्रिक अडचण दिसते. वेळ मोडण्यापेक्षा आपण मॅडमचं पत्र वाचूनच घेऊ. सर, या."

खेळाचे सर उठले. आणि मला स्वच्छ कळलं की माझं वर्षभर हेच होत आलंय. पावतीच्या खिडकीवर, दवाखान्यात, फोनवर, मी तोंड उघडायचा अवकाश की कोणीतरी माझ्या वतीने बोलायला पुढे सरसावतं. सगळे घाईत असतात आणि सगळे भले असतात. मी दोन्ही हात पसरून खेळाच्या सरांसमोर उभी राहिले. पोरं जिन्यावरून धावत आली की अशीच उभी राहते.

सर थांबले. थांबायला मिळाल्याचा आनंद लपवणं त्यांना जमलं नाही.

"प्रथमोपचाराची पेटी," मी ओठांनी म्हटलं आणि गळ्यावर हात ठेवला. ते घाबरून धावतच गेले आणि पेटी घेऊन आले. आत हवं ते सगळं होतं: कात्री आणि चिकटपट्टी.

आधी मी भिंतीतला प्लग काढला. आठही दिवे विझले. मग ती नवीकोरी काळी वायर डब्यातून काढली आणि बरोबर मधोमध कापली. कचकन आवाज झाला. जावईबापूंच्या तोंडून "अरेरे" निघालं.

"धरा," मी म्हटलं. त्यांनी धरली.

वायरीच्या आत दोन तारा असतात, एक साधी, एकीवर पांढरी रेघ. चारही टोकांवरचं रबर मी कात्रीच्या धारेने हलकेच सोललं. पियानोच्या तारा मी आयुष्यभर बदलत आले, पण तेव्हा दोनशे लोक बघत नसतात. एका अर्ध्या भागाची साधी तार दुसऱ्याच्या रेघेवाल्या तारेला, आणि रेघेवाली साध्या तारेला. पीळ दिला. दोन्ही जोडांना वेगवेगळी चिकटपट्टी गुंडाळली, एकमेकांना शिवायला नकोत म्हणून. शिवले तर सगळंच मुसळ केरात.

"मॅडम, हे काय शाळेत चाललंय?" मुख्याध्यापक आता कुजबुजत नव्हते. "लोक बसलेत. अजून किती वेळ?"

तेवढ्यात अगदी मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, तुम्ही वेळ घ्या हो! उलटी वायर लावून मी एकदा अख्खी लिफ्ट जाळलीय!"

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. आमचा भोंगा. वीस वर्षांपूर्वी माझ्या गायनवर्गात होता, सगळ्यात मोठा आवाज आणि सगळ्यात बेसूर. हे टोपणनाव मीच ठेवलेलं, त्याबद्दल मला थोडी लाज आहे. पण वर्गातून मी त्याला काढलं नाही, त्याबद्दल अजिबात नाही. आता तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि त्याची मुलगी माझ्या वर्गात आहे. ती सुरात गाते, आईवर गेली असणार.

लोक हसले. खुर्च्यांची करकर थांबली. आता सभा माझ्या हातांकडे बघत होती. ते बघणं आधीच्यासारखं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मान वाकडी करून जोड नीट दिसतोय का ते बघितलं.

डबा परत भिंतीला जोडला. दिवे हिरवे. वायर पाचशेवाल्या भोकात. लाल काडी आत, काळी बाहेरून. नऊ पूर्णांक चार.

रेघ नाही.

मी मीटर जावईबापूंपुढे धरला. त्यांनी वाचला, मग औषधाच्या चिठ्ठीसारखा परत एकदा वाचला. "आत प्लस," ते म्हणाले. मग मी प्लग लावला. पेटीचा दिवा लागला. शीळ नाही, घरघर नाही. स्पीकरमधून फक्त एक श्वास आला, माझा.

"मला आवाज नाही," मी म्हटलं.

ते सभागृहाच्या चारही भिंतींना जाऊन लागलं. एक लहान मूल रडत होतं, तेही थांबलं. मी पत्र मागितलं नाही, पाठच होतं.

"हे खरं आहे, आणि ते तुम्हाला सांगायला मला दुसरा माणूस नको. मला सांगण्यात आलं की आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पूर्वी मी गाऊन दाखवायचे आणि पोरं माझी नक्कल करायची. तेहतीस वर्षं मी हेच शिकवणं समजत होते. आता मला गाऊन दाखवता येत नाही. म्हणून पोरांना स्वतःला ऐकावं लागतं, शेजारच्याला ऐकावं लागतं. या वर्षी वर्ग जितका सुरात आहे तितका तो कधीच नव्हता, आणि हे मान्य करताना मला आनंद होत नाही. म्हणजे पाणी माझं नव्हतंच, ते पोरांचं होतं. मी नुसती दोर धरून होते. कॉम्प्युटर आणा, जरूर आणा, शाळेत अजून खोल्या आहेत. पण ही खोली घेणार असाल तर पोरांचं पाणी तोडताय, एवढं समजून हात वर करा."

बस, एवढंच. टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि उशिरापर्यंत चालल्या. मुख्याध्यापकही टाळ्या वाजवत माझ्या उजव्या अंगाला आले. सभेकडे बघून हसतच होते. वाजवता वाजवता माझ्या कानाशी वाकले आणि टाळ्या ओसरल्या त्याच क्षणी कुजबुजले.

"छान बोललात. पण उगाच ताणू नका. हात वर होवोत न होवोत, सोमवारी टेम्पो येणार. पियानो मी हॉटेलवाल्यांना देऊन बसलोय."

कुजबुज मोठी करायची पेटी. कोणाची मोठी करायची, हे तिला कोण सांगणार? माईक माझ्या उजव्या गालाशी होता आणि वीज एकदम स्वच्छ होती. त्यांचा शब्द न् शब्द सभागृहाच्या सहाही स्पीकरमधून बाहेर पडला. अगदी 'बसलोय' मधला शेवटचा श्वाससुद्धा.

त्यांना ते कळायला दोन सेकंद लागले. हसू चेहऱ्यावर राहून गेलं होतं, ते कुठे ठेवावं त्यांना सुचेना. जावईबापूंनी तोंडावर हात घेतला. त्यांना तर या प्रसंगाचा अनुभव होता.

मी मुद्दाम केलं का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. नाही केलं. पण पुढचं मात्र मुद्दामच केलं. मी गाल त्यांच्याकडे वळवला आणि म्हटलं, "सर, परत एकदा सांगा. मागच्या रांगेला ऐकू आलं नसेल."

"आलं, बाई!" भोंगा ओरडला. "स्वच्छ आलं!"

मग जो गलका झाला तो कुठल्याही पेटीशिवाय रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. हात वर करायची वेळ आली तेव्हा खोली घ्यायच्या बाजूने तीन हात वर झाले, आणि त्यातला एक जण मला वाटतं आळस देत होता. मुख्याध्यापक म्हणाले, "ठीक आहे, तूर्त..." पहिल्या रांगेतल्या त्या बाई उभ्या राहिल्या. "तूर्त नाही. आत्ता कागदावर लिहा आणि सही करा." खेळाच्या सरांनी कागद पुढे केला. माझ्याच पत्राची मागची बाजू होती ती.

घरी आल्यावर जावईबापूंनी जुन्या वायरींचा डबा उघडला, राखाडी वायर काढली आणि तिला स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी लावली, दुकानात लावतात तशी. 'आत प्लस. बदलू नये.' मी त्यांच्या ताटात वाढताना दोन शब्द गोड बोलले. कापलेली वायर मात्र त्यांना दिली नाही. ती मी खोलीत पियानोच्या वर खिळ्याला टांगली, चिकटपट्टीच्या दोन गाठींसकट. वाकडीच टांगली.

सोमवारी टेम्पो आलाच. टेम्पोवाल्याला कोणी कळवलं नव्हतं. तो फाटकापाशी उभा राहून हॉर्न वाजवत होता. पियानो जिन्याने उतरत नाही, लिफ्टनेच न्यावा लागतो, आणि लिफ्टच्या दारावर सकाळीच पाटी लागली होती: 'दुरुस्ती चालू'. आत भोंगा स्टूल टाकून बसला होता. वर्तमानपत्र वाचत होता.

तिसऱ्या मजल्यावर वर्ग सुरू होता. हॉर्न परत वाजला, मग परत. पोरं गाता गाता बिचकली, सूर खाली आला, भोंग्याच्या मुलीने माझ्याकडे बघितलं.

निळी पेटी मी वर्गात लावत नाही. गरज पडत नाही. मी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, पोरांसमोर येऊन उभी राहिले आणि म्हटलं, "जोरात."

मला ते जोरात म्हणता येत नाही. पण माझ्या पोरांना ओठ वाचता येतात.